दाखल्यासाठी दाखला

शनिवारी लॅपटॉपवर डेबियन टाकलं. 'आप्ट इन्स्टॉल' आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं. चहा उकळेपर्यंत सगळं तयार!

पूर्वी एवढं सोपं नव्हतं, मंडळी. इयन मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. त्यातलं डीपीकेजी हातातलं पॅकेज बसवायचं, पण लागणारी लायब्ररी नसली की अडून बसायचं. ती आणावी, तर तिला तिसरीच हवी. अगदी दाखल्यासाठी दाखला! मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये आप्ट आलं. ते ही साखळी स्वतःच शोधून सगळं उतरवून घेतं. ॲपलचं ॲप स्टोअर आलं थेट २००८ मध्ये!

पण कुठल्या पॅकेजला काय लागतं, हे आधी कुणीतरी नोंदवावं लागतं. डेबियनमध्ये हे काम बहुतेक स्वयंसेवकच करतात. मी इतकी वर्षं फुकट वापरलं, साधा बगही कळवला नाही. काल पहिला कळवला.