तीस ग्रॅमची कुळकथा

"काऊन बाप्पा, भाकर कोनी तोलून खाते काय?"

परतवाड्याच्या आमच्या स्वयंपाकघरात मायनं हे विचारलं तेव्हा ओट्यावर भाचीचा केकचा काटा होता आणि काट्यावर ज्वारीचं पीठ. वजन उतरवायचं म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी चिठ्ठी दिली होती: धान्य ७, डाळ २, दूध ३, भाज्या ३, फळं २, तेल ३. एकाही पदार्थाचं नाव नाही, नुसते आकडे. "हे एक्स्चेंज आहेत," बाई म्हणाल्या, "एका गटातली वस्तू त्याच गटातल्या दुसरीच्या बदल्यात घ्यायची." जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देणारी भांडेवाली मला आठवली. फरक एवढाच, की इथे घासाघीस चालत नाही.

या एक्स्चेंजचं कूळ मधुमेहाचं आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. त्याआधी मधुमेह्याला जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. सुई आली आणि रोगी जेवू लागला. पण किती जेवला हे सुईला कळायला हवं. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही. त्यांनी १९२०च्या दशकात पदार्थांचे काळे आणि लाल असे वाटे पाडले: काळ्यात १० ग्रॅम कर्बोदकं, लालमध्ये प्रथिनं आणि चरबी. इतके काळे, इतके लाल, एवढं लक्षात ठेवलं की झालं. डॉक्टर स्वतः रोगी असला की उपचार सोपा होतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरी जो तो आपल्या तक्त्यानं चाले. अखेर १९५० मध्ये अमेरिकेतली आहारतज्ज्ञांची संघटना, मधुमेहाची संघटना आणि सरकारी आरोग्य खातं यांनी मिळून सहा याद्या छापल्या: दूध, भाज्या, फळं, ब्रेड, मांस, चरबी. धान्याच्या यादीचं नावच ब्रेड. एक स्लाइस म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं, सुमारे ७० उष्मांक. स्लाइस यंत्रानं कापलेला. या गावात तेवढाच, त्या गावातही तेवढाच. पुढे १९७६ च्या आवृत्तीत चरबीच्या प्रमाणावरून मांसाचे तीन भाग पडले. मधुमेह नसलेले, पण वजनाला कंटाळलेले लोकही याच याद्या वापरू लागले. (मधुमेहाची गोळी किंवा सुई चालू असेल त्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घासही कमी करू नये.)

आपल्याकडे कथा उलट्या टोकाकडून येते. निलगिरीत कुन्नूरला सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण उंदरांना घालून पाहिलं. जेवण चांगलं की वाईट, हे ठरे उंदराच्या वजनावर. जास्त वजन, जास्त गुण! शीख जेवण पहिलं, पठाणी दुसरं आणि मराठी तिसरं; भातावर भिस्त असलेलं मद्रासी तळाला. म्हणजे मी आज जे उतरवायला निघालो आहे, त्याच वजनानं आपल्या जेवणाला तिसरा नंबर मिळवून दिला होता.

त्याच प्रयोगशाळेतून वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये हिंदुस्थानी अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. अर्धपोटी माणसांना स्वस्तात पुरेसं कसं खाऊ घालता येईल, हा तिचा प्रश्न. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचा १९७१चा तक्ता तिथलाच. तो काढून बघा: १०० ग्रॅम ज्वारीत ३४९ उष्मांक, तांदळात ३४५, कणकेत ३४१, तुरीच्या डाळीत ३३५. सगळी धान्यं-डाळी साडेतीनशेच्या अल्याडपल्याड. म्हणून ३० ग्रॅमचा वाटा धरला की कशातही साधारण १०० उष्मांक येतात. बाईंच्या चिठ्ठीतल्या धान्य-डाळीचा एक वाटा तो हाच.

हे ३० ग्रॅम कोरड्या पिठाचे, शिजवलेल्या अन्नाचे नव्हेत. यात एक शहाणपण आहे, कारण भाकरीला स्लाइससारखं माप नसतं. ती थापणारीच्या तळव्यावर अवलंबून. आमच्या मायच्या एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागतं हे त्या दिवशी काट्यानं सांगितलं. म्हणजे अडीच वाटे. माझे धान्याचे सात वाटे दिवसभराच्या तीन भाकऱ्यांनाही पुरत नाहीत, आणि मी तर एका बैठकीला दोन खात होतो.

डाळीचं सोपं: वरणाऐवजी बेसन (पिठल्याला आम्ही बेसनच म्हणतो), दोन्ही एकाच यादीतले. फळात संत्रं; ते इकडे कोणाला सांगावं लागत नाही. अडतं ते तेलाशी. एक चमचा, ५ ग्रॅम, ४५ उष्मांक. वऱ्हाडी माणसाला भाजीवर तर्री दिसली नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही, वर ठेच्यावर कच्चं तेल. माझे तीन चमचे सकाळच्या फोडणीतच संपले.

आणि उपास? एकादशी अन् दुप्पट खाशी, हे या तक्त्यानंच सिद्ध करता येतं. ३० ग्रॅम साबुदाण्यातही उष्मांक शंभराच्या घरात, पण प्रथिनं जवळजवळ शून्य. ज्वारीत तेवढ्यालाच ३ ग्रॅम. खिचडीतल्या दाण्याचा कूट प्रथिनं आणतो खरा, पण १०० ग्रॅम दाण्यात ५६७ उष्मांक आहेत. उष्मांकाला उष्मांक बदलून मिळाला म्हणजे सौदा बरोबरीचा झाला, असं नाही. यादीचा हा खरा कच्चा दुवा, आणि चिठ्ठीवर तो कोणी लिहून देत नाही.

परतवाड्याहून घाट चढला की मेळघाट. तिथल्या अंगणवाडीत पोराचं वजन करतात ते वाढलं का, हे बघायला. आयक्रॉइडची पुस्तिका मुळात त्या काट्यासाठी होती. खाली गावात मी ती उलटी धरून वाचतो आहे.

काटा आमच्याकडे आठवडाभर राहिला, मग भाची केकसाठी घेऊन गेली. तोवर मायनं पिठाच्या डब्यात एक जुनी पितळी वाटी टाकून ठेवली होती. "तुई वाटी," म्हणते. काठोकाठ भरून बोटानं सपाट केली की बरोबर ७५ ग्रॅम पीठ येतं.