तळी बुजली, मैदानं झाली

कोल्हापूरच्या फुटबॉलची नावाजलेली मैदानं पाण्यावर उभी आहेत असं म्हटलं, तर बाहेरचा माणूस हसेल. पण गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ. पेटाळ्याचं मैदान हेही मूळचं तळंच. ज्या शाहू स्टेडियमवर लीगचे सामने होतात, तिथं रावणेश्वराचा तलाव होता. तलाव गेला, रावणेश्वर राहिला. शहरात तळी पुष्कळ होती. वस्ती दाटत गेली तशी ती एकेक करून बुजली. कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली. जिथं मंडई बसली नाही, तिथं पोरं बॉल घेऊन घुसली. पेठांच्या गर्दीत एवढी मोकळी जागा एरवी कुठून मिळाली असती? आमच्या फुटबॉलचा इतिहास सांगताना लोक संस्थानचा आश्रय सांगतात, इंग्रजी शाळा सांगतात, हौशी मास्तर सांगतात. बुजलेल्या तळ्यांचं नाव कोणी घेत नाही.

मी मूळचा शिवाजी पेठेचा. नोकरी मात्र सगळी वारणानगरला झाली, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. घर केलं तेही इथंच. कोल्हापूर इथून तीस-पस्तीस किलोमीटर, मधे वाठारचा नाका. एवढ्याशा अंतरात दुनिया बदलते. तिकडं रिक्षाच्या मागं मेस्सी, इकडं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पैलवान. तिकडं कुणाचा स्ट्रायकर कुणीकडं गेला यावर कट्ट्यावर भांडणं, इकडं पोरगं बॉल घेऊन निघालं की चुलता विचारणार, ‘तालमीत कधी जाणार?’ फुटबॉल वाठारला येऊन का थांबला, हा प्रश्न मला काट्यावर बसल्या बसल्या पडायचा. त्याच्या मागं लागलो आणि कोल्हापूरला तो कसा रुजला हे जास्त कळलं.

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ची, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१चा. २९ जुलै १९११ला कलकत्त्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शिल्ड जिंकली, आणि हा खेळ साहेबाचा राहिला नाही. कोल्हापुरात त्या वेळी काय चाललं होतं? खासबाग बांधली जात होती. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं ते गोल रिंगण त्यांनी पाहिलं आणि परत येऊन कुस्तीसाठी तसं मैदान उभं केलं. १९१२ला ते पुरं झालं. माझ्या मते कोल्हापूरच्या फुटबॉल प्रेक्षकाचा जन्म तिथला. हजारोंनी कडेनं बसायचं, आपल्या माणसासाठी घसा फोडायचा, हरला तर त्याच्या घरापर्यंत मुकाट चालत जायचं, हे वळण कुस्तीनं लावलं. बॉल नंतर आला.

बॉल आला तो शाळा-कॉलेजांतून. राजाराम कॉलेज १८८०चं. कॉलेजच्या पोरांचा खेळ कॉलेजातच राहिला असता, जसा तो महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत राहिला. कोल्हापुरात तो तालमीत शिरला, आणि सगळा फरक तिथं पडला.

तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. लाल मातीचा हौदा, भिंतीशी मारुती, मोहरमला पंजा, गणपतीत गणपती, गल्लीतली भांडणं मिटवायची जागा आणि मयताला खांदा द्यायला माणसं गोळा करायची जागाही तीच. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, संध्यामठ तालीम. ही आज फुटबॉल संघांची नावं आहेत. आयताच मांडलेला संसार होता, त्यात फुटबॉल येऊन जेवायला बसला. पैलवान करायचा तर दूध, बदाम, तूप, आणि वर्षानुवर्षं थांबायची तयारी. मंगळवार पेठेला लागून उद्यमनगर; तिथल्या फाउंड्रीत, नाहीतर शाहू मिलमध्ये पाळी करणाऱ्या घरात असा खुराक कुठला? बॉल मात्र वर्गणीत येत होता, आणि एका बॉलवर अख्खी गल्ली खेळत होती. कुस्तीत पेठेचा एक माणूस लढायचा. इथं अकरा.

ईर्ष्या तर होतीच. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यात ती फुटबॉलनं लावलेली नाही, फक्त त्या ईर्ष्येला नव्वद मिनिटांचा नियम घातला. तो नियमही दरवेळी पाळला जातो असं नाही. दगडफेक झाली आहे, मॅच अर्ध्यावर थांबली आहे, पोलिसांनी स्टेडियम रिकामं केलं आहे. ‘नाद खुळा’ म्हणत त्याचं कौतुक करणाऱ्यांत मी नाही. हरल्यावर गाड्या फोडणारा समर्थक नव्हे.

तर हंगाम. आमच्याकडं तो पावसावर ठरतो. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साठतं. दरवर्षी निधीची बातमी येते, चर खोदल्याची बातमी येते, पाऊस येतो आणि वरुणतीर्थ पुन्हा हजर. दसऱ्याच्या पुढं-मागं चिखल आळतो, गवत काढलं जातं, आणि भल्या सकाळी शिट्टी ऐकू येते. त्याच दिवसांत वारणेला बॉयलर पेटतो. अग्निप्रदीपन झालं, पेढे वाटले, म्हणून साखर पडली असं होत नाही. आधी चाचणी, मग गळती, मग दुरुस्ती, आणि मग मोळी. सराव सामन्याचंही तेच. तो बघायला येणारे मात्र पहिल्याच दिवशी साखरेचा उतारा सांगून मोकळे होतात.

मी नोकरीत असताना रात्रपाळी संपली की तसाच एसटीनं कोल्हापूरला जायचो. मैदानावर पोचेपर्यंत ऊन आलेलं असायचं. संघाचे दोन भाग पाडलेले, एक बाजू बनियनवर आणि दुसरी गेल्या वर्षीच्या विटलेल्या जर्सीत. गोलजवळची माती अजून ओली, तिथं प्रत्येक जण घसरणार. कडेला म्हातारे खेळाडू. त्यातल्या एकाची जागा ठरलेली, कॉर्नरच्या अलीकडं, पायाशी पिशवीत मेथीची जुडी. बाजाराला म्हणून घरातून निघालेला माणूस. तो बॉल बघायचाच नाही. नवीन आलेल्या डाव्या पायाच्या पोरावर त्याची नजर, बॉल लांब असताना पोरगं काय करतंय एवढंच बघायचा. एकदा त्या पोरानं तिघांना चकवून गोल मारला, सगळे ओरडले, आणि हा म्हणाला, “बॉल गेला की उभा राहतोय. डिसेंबरात दिसंल.” पोरगं पुढं खरंच चाललं नाही. म्हाताऱ्याला त्याचा आनंद झाला नाही, मार्चमध्ये मलाच म्हणाला, “कुणीतरी सांगायला पायजे हुतं त्याला.” मी म्हटलं, “तुम्ही का नाही सांगितलं, मामा?” तर मेथी बघत बसला.

त्या माणसाच्या पिढीचा बॉल वेगळा होता. चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, सायकलच्या दुकानात हवा भरायची आणि तोंड चामडी दोरीनं शिवायचं. ओल्या मैदानावर तो पाणी प्यायचा, मग तेल चोळून वाळवायचा. दोरीची गाठ कपाळावर बसली की वळ उठायचा, आणि तो वळ घेऊन कॉलेजात जायचं. बूट असलेच तर चांभाराकडून खाली चामड्याचे स्टड ठोकून घेतलेले. अनवाणी खेळणारे पुष्कळ. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपला देशच फ्रान्सविरुद्ध बहुतेक अनवाणी खेळला आणि १-२ असा थोडक्यात हरला, तिथं पेठेतल्या पोरांचं काय.

कॉलेजचा धागा तुटला नाही, फक्त उलटा झाला. १८ नोव्हेंबर १९६२ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि आंतरमहाविद्यालयीन झोनल सुरू झाल्या. आता तालमीचा पोरगा कॉलेजसाठी खेळतो. कॉलेज तालमीला खेळाडू देत नाही, तालीम कॉलेजला देते. झोनलच्या मॅचला कॉलेजचे प्राध्यापक असतात चार आणि तालमीचे कारभारी दहा, कारण कुठलं पोरगं यंदा तयार आहे ते हंगामाआधी तिथं कळतं. दिवाळीत गडहिंग्लजला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर तिथल्या युनायटेडची स्पर्धा भरते, बाहेरगावचे संघ येतात, तिथंही आमचे लोक वही-पेन घेऊन हजर. गडहिंग्लजनं फुटबॉल उचलला, मिरजेनं उचलला, बेळगावात तो आहेच. दक्षिणेला आणि पूर्वेला बॉल गेला. उत्तरेला, वारणेच्या अंगाला, नाही.

मग केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, खेळाडू नोंदणी. ते दिवस सामन्यांपेक्षा गरम. वरिष्ठ गटात सोळा संघ, प्रत्येकाची संघबांधणी, आणि रोज सकाळी पेपरात कोण कुठं गेला. मी इथं बसून ‘पुढारी’चं खेळाचं पान आधी उघडायचो, ऊसदराचं नंतर. एके काळी शिवाजी पेठेचा पोरगा मंगळवार पेठेच्या संघातून खेळला तर घरी पाणी मिळायचं नाही. आता मिळतं, कारण तो पैसे घेऊन येतो. आफ्रिकेतले खेळाडू आले. उंचापुरा नायजेरियन गडी कट्ट्यावर बसून मिसळ खाताना दिसू लागला आणि पेठेनं त्याला दोन महिन्यांत ‘भावा’ केलं. काही जुने लोक यावर नाक मुरडतात. मला त्यात वाईट दिसत नाही. खासबागेतही पंजाबचे पैलवान यायचे, त्यांना कोणी परके म्हटलं नव्हतं. वाईट वाटतं ते वेगळ्याचं: बाहेरचा स्ट्रायकर आणला की तालमीतलं एक पोरगं बाकावर जातं, आणि बाकावर दोन हंगाम काढलेलं पोरगं मग उद्यमनगरातच दिसतं.

सगळीच तिकडं जात नाहीत म्हणा. निखिल कदम इथनं निघून कलकत्त्याच्या मोहन बागानपर्यंत गेला. ऑक्टोबर २०१७मध्ये सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप भारतात झाला, त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने आपण हरलो. पेठेत त्याचं दुःख फारसं कोणी केलं नाही. आपला माणूस वर्ल्ड कपमध्ये खेळला, विषय संपला. इथल्या आशेची चाल अशीच वाकडी. भारत जिंकेल अशी कुणाची अपेक्षा नसते, ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लावून भागतं; खरी आशा, खरी झोप उडवणारी, ती यंदा लीग आपल्या तालमीकडं येणार का याची.

आता वारणेकडं. इथं तळं बुजलं नाही कारण बुजवायला तळंच नव्हतं. होता तो उघडा माळ. त्यावर तात्यासाहेब कोऱ्यांनी कारखाना उभा केला, १९६४ला यशवंतराव चव्हाण वारणा महाविद्यालय आणलं, १९६८ला दूध संघ. पोरांच्या हातात वाद्यं देऊन बालवाद्यवृंद काढला, तो देशभर गाजला. मैदानाची कमी नव्हती, मनाची तर नव्हतीच. पण इथली माणसं आजूबाजूच्या गावांतून आली, आणि प्रत्येकाची तालीम आपापल्या गावात राहिली. दूध घरचं, त्यामुळं खुराकाची अडचण नाही. उलट ज्या कारणानं पेठेतल्या पोरानं कुस्ती सोडली, तेच कारण इथं नव्हतं. शिवाय फुटबॉलला समोर दुसरी पेठ लागते, हाकेच्या अंतरावर, जिच्याकडून हरलो तर उद्या दूध आणायला बाहेर पडायची लाज वाटेल. वारणानगरला शेजारी गाव आहे कोडोली, आणि कोडोलीशी इथल्या कोणाचं भांडण नाही. अशा गोडीगुलाबीत फुटबॉल कसा वाढणार?

तात्यासाहेब गेले १३ डिसेंबर १९९४ला. त्यांच्या पुण्यतिथीला इथं कुस्तीचं मोठं मैदान भरतं. पंजाब-हरियाणाचे मल्ल येतात आणि अख्खं वारणा खोरं लोटतं. डिसेंबर म्हणजे तिकडं लीगचे दिवस. शेजारचे शिंदेकाका मला दरवर्षी आग्रहानं मैदानावर नेतात, पुढची जागा धरतात, कुठला पैलवान कुठल्या वस्तादाचा ते समजावून सांगतात. मी मान हलवतो. शाहू स्टेडियमवरची मॅच आता मोबाइलवर लाइव्ह दिसते. गेल्या खेपेला चांगली निकाली कुस्ती लागली, सगळं मैदान उठून उभं राहिलं, आणि मी एक सेकंद आधीच ओरडलो होतो. काकांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडं बघितलं, मग विचारलं, “कोणी मारला?”

“पेनल्टी चुकली,” मी म्हटलं. “त्यांची.”

“मग बरं झालं की,” म्हणाले, आणि पुढच्या कुस्तीचा पुकारा झाला.