पकड धरते, तशी सुटलीही पाहिजे

ओस्लोत नोकरी करणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामू, स्कीवर बूट धरून ठेवणारी बाइंडिंग हलतेय. स्क्रू नुसताच फिरतो." मी म्हणालो, "तुझे नाना दाराच्या बिजागरीला करायचे तेच कर. भोकात लाकडाची खुंटी आणि गोंद घाल, वाळू दे, मग स्क्रू पीळ."

नंतर या पकडीचा इतिहास वाचला. नॉर्वेच्या मोर्गेदालचे सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) हे गरीब कूळ. त्यांनी पिळलेल्या मुळ्यांचे पट्टे टाचेमागून बांधले, तेव्हा पाय स्कीवर टिकला आणि उड्या, वळणे जमू लागली. पुढे पोलादी तार आली. पकड इतकी पक्की झाली की पडतानाही पाय सुटेना, हाडे मोडू लागली. नॉर्वेहून अमेरिकेत स्थायिक झालेले याल्मार हवाम यांचा पाय १९३७ साली ओरेगनमध्ये मोडला. इस्पितळातच त्यांनी पडताना आपोआप सुटणाऱ्या पकडीचे चित्र काढले.

मी लगेच भाच्याला उलट फोन केला. "बेटा, स्क्रू घरी बसव. पण ती किती जोराने सुटावी, हे दुकानात तपासून घेतल्याशिवाय बर्फावर जाऊ नकोस."

सैल तेवढे घट्ट करायचे, एवढेच मला ठाऊक होते.