फंडिंग आलं, पण बोर्डात कोण बसणार? शेतकरी कंपनी ते स्टार्टअप

यवतमाळ जिल्ह्यात वणी, राळेगाव, पुसद, कुठेही विचारा, कापूस-सोयाबीनवाली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी (एफपीसी) जवळपास सापडतेच. तुमच्या वडिलांचा किंवा काकांचा तिच्यात शेअरही असेल. उद्या अशा कंपनीत बाहेरचा मोठा पैसा आला, तर निर्णय कोण घेणार? याचं उत्तर संचालक मंडळात, म्हणजेच बोर्डात असतं.

बोर्ड म्हणजे काय?
कंपनीचे मालक शेअरधारक असतात आणि रोजचं काम सीईओ बघतो. बोर्ड या दोघांच्या मधे असतं. मोठे खर्च, बजेट, सीईओची नेमणूक यावर ते निर्णय घेतं. संचालक कोणाच्याही बाजूने आला असला, तरी कायद्याने त्याने कंपनीचं हित बघायचं असतं.

एफपीसीचे नियम
- संचालक किमान ५, जास्तीत जास्त १५.
- दर तीन महिन्यांत किमान एक बैठक.
- शेअर कितीही असोत, प्रत्येक शेतकरी सभासदाला एकच मत.
- बाहेरचे तज्ज्ञ संचालक घेता येतात, पण एकूण संख्येच्या एक पंचमांशापर्यंतच.

एफपीसीचे शेअर उत्पादकांकडेच राहतात, म्हणून गुंतवणूकदाराला थेट हिस्सा विकता येत नाही.

मग सह्याद्रीने काय केलं?
नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपातल्या इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये उभे केले. हा पैसा शेतकऱ्यांच्या मूळ कंपनीत नाही, तर 'सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर' या उपकंपनीत आला. त्यामुळे मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

स्टार्टअपचं बोर्ड
प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक पुरतात. फंडिंगनंतर पाच जणांची रचना बरीच चालते: दोन संस्थापक, दोन गुंतवणूकदारांचे, एक स्वतंत्र. आकडा विषम ठेवला की मतं समसमान होऊन गाडी अडत नाही. दोन्ही बाजूंचं पटत नसेल तर पाचव्याचं मत निर्णायक ठरतं, म्हणून तो कोणाचाच नातेवाईक किंवा मित्र नसलेला बरा.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. 'ऑब्झर्व्हर' बैठकीला बसतो, बोलतो, पण मत देत नाही. 'रिझर्व्ह्ड मॅटर्स' म्हणजे कंपनी विकणं, नवे शेअर काढणं असे विषय, जे गुंतवणूकदाराच्या होकाराशिवाय पुढे जात नाहीत. बोर्डात बहुमत असूनही संस्थापकाचे हात इथे बांधलेले असतात. म्हणून सही करण्याआधी ही यादी नीट वाचायची.

बोर्ड रिकामं झालं की?
जून २०२३ मध्ये बायजूजच्या बोर्डातून गुंतवणूकदारांचे तिन्ही प्रतिनिधी बाहेर पडले. ऑडिटर डेलॉइटनेही काम सोडलं. बोर्डात उरले संस्थापक, त्यांची पत्नी आणि भाऊ. घरच्याच लोकांना अवघड प्रश्न विचारणारं तिथे कोणी राहिलं नाही. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

तुम्ही काय तपासाल?
नोकरी धरण्याआधी किंवा एफपीसीचा शेअर घेण्याआधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर कंपनीचं नाव टाका आणि संचालकांची यादी बघा. सगळी आडनावं एकच दिसली, तर पुढचा प्रश्न तुम्हीच विचारा: इथे 'नाही' म्हणणारं कोण आहे?