अर्देशीरांचा यंत्रखाना

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर कर्सेटजी वाडिया मुंबईच्या गोदीतील कंपनी सरकारच्या आगबोट-कारखान्याचे मुख्य अभियंता झाले. पगार महिना ६०० रुपये. हाताखाली सुमारे १०० युरोपियन यंत्रकार व बॉयलरवाले आणि सुमारे २०० देशी कारागीर. गोऱ्यांवर देशी साहेब, हे ‘बॉम्बे टाइम्स’ला रुचले नाही. माणूस हुशार असेल, पण युरोपियनांना वळण लावणे त्याला झेपेल का, असा त्या पत्राचा सूर होता.

वाडियांविषयी लिहिणारे सागवानी जहाजांत रमतात. १८१७ची ‘त्रिंकोमाली’ अजून इंग्लंडमध्ये तरंगते आहे, तेव्हा ते साहजिकच. मी मात्र नगरच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे लेथवर काढली. माझे लक्ष यंत्रखान्याकडे जाते.

त्या काळी आट्यांना ठरलेले माप नव्हते. व्हिटवर्थने एकसारख्या आट्यांची योजना मांडली तीही १८४१ सालीच. तोवर एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच याचा नेम नसे. इंजिन उघडताना जोडीजोडीवर खुणा करून ठेवणे हीच शहाण्या फिटरची रीत. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८२९ साली मुंबईत बांधली गेली आणि पुढच्या मार्चमध्ये सुएझकडे निघाली. पण तिची इंजिने लंडनची, मॉडस्लेची. एखादा भाग मोडला, तर नवा भाग शिडाच्या जहाजाने केपला वळसा घालून येणार, म्हणजे कित्येक महिने. तेवढा वेळ बोट कोण उभी ठेवील? सुताराने लाकडी नमुना करायचा, ओताऱ्याने वाळूत साचा घ्यायचा, टर्नरने कातायचे आणि फिटरने कानस मारीत बसवायचे.

सगळ्यांत वाईट काम बॉयलरचे. त्यात समुद्राचेच पाणी घालीत. आत क्षारांचा दगडासारखा थर धरे आणि पत्रा जळे. तो थर आत शिरून छिन्नी-हातोड्याने फोडायचा. बाहेर रिव्हेटवर घण पडू लागले की आतल्या माणसाच्या कानांचे काय होत असेल, हे पत्र्याच्या टाकीत काम केलेल्याला सांगायला नको.

अशा ठिकाणी हुकूम चालतो तो हाताला काम येणाऱ्याचा. १८४१च्या मे महिन्यात अर्देशीर रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले, हे खरे. पण भट्टीपुढे घामाघूम झालेल्या बॉयलरवाल्याला त्याचे काय! माझ्या मते त्यांचे वजन होते ते १८३३ साली पाण्यात उतरवलेल्या ‘इंडस’ या छोट्या आगबोटीमुळे आणि माझगावच्या आपल्या बंगल्यात त्यांनी १८३४ साली लावलेल्या गॅसच्या दिव्यांमुळे. ही कामे करून दाखवलेली होती.

१८४९ साली अमेरिकेला जाऊन त्यांनी लाकूडकामाची यंत्रे पाहिली, विकत घेतली. १८५१ साली ‘लवजी फॅमिली’ पाण्यात उतरली. तिचे सगळे भाग त्यांनी स्वतःच्या ओतशाळेत केले होते. कारखाना त्यांनी सोडला तो १ ऑगस्ट १८५७ रोजी, सोळा वर्षे चालवून.