'सेटलमेंट' : एका इंग्रजी शब्दाचा वासाहतिक प्रवास

प्रस्तावना :
'सेटलमेंट' हा शब्द मराठी भाषकांना आज मुख्यत्वे 'तडजोड' या अर्थाने परिचित आहे. तथापि ब्रिटिश राजवटीच्या कारभारात तो अनेक भिन्न अर्थांनी वापरला गेला. आसनाचा निर्देश करणाऱ्या प्राचीन इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते असून 'स्थिर करणे' ही कल्पना सर्व अर्थांच्या मुळाशी आहे. कोणी कोणास स्थिर केले, या दृष्टीने या अर्थांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका :
१६६२ च्या कायद्यान्वये 'सेटलमेंट' म्हणजे एखाद्या पॅरिशमध्ये गरिबास साहाय्य मिळण्याचा हक्क होय. असा हक्क नसलेल्या निर्धन आगंतुकास त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येत असे. १७०१ च्या कायद्याने मात्र याच शब्दाखाली राजसिंहासनाचा वारसा प्रॉटेस्टंट वंशजांपुरता निश्चित केला. राजाचे आसन आणि निर्धनाचा ठावठिकाणा, दोन्ही एकाच शब्दात सामावले.

वसाहत आणि जमाबंदी :
समुद्रापार या शब्दाचा अर्थ 'वसाहत' असा झाला. १८२६ मध्ये पेनांग, मलाक्का व सिंगापूर यांचे मिळून 'स्ट्रेट्स सेटलमेंट्स' बनले. हिंदुस्थानात त्यास महसुली अर्थ प्राप्त झाला. कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये जमीनदारांशी कायमधारा पद्धत ठरविली. दख्खनमध्ये प्रिंगलची आकारणी अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी पाहणी हाती घेतली. तीत सारा तीस वर्षांसाठी निश्चित होत असे. ही मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरात झालेली साऱ्याची वाढ १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांमागील कारणांपैकी एक मानली जाते. सरकारच्या लेखी जे 'स्थिर' झाले होते, ते रयतेच्या दृष्टीने अस्थिरतेचे कारण ठरले.

कुंपणाआडचे जीवन :
या शब्दाचा सर्वांत कठोर अर्थ गुन्हेगार जमाती कायद्याशी निगडित आहे. १८७१ चा हा कायदा १९११ मध्ये अधिक व्यापक करण्यात आला. त्यानुसार भटक्या जमातींना ज्या वस्त्यांत डांबले जाई, त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी आदी ठिकाणी अशा वस्त्या होत्या. सोलापुरात तेथील लोकांना कापड गिरण्यांत काम करावे लागे. हजेरी सक्तीची होती. गंमत अशी की, १८८४ मध्ये लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून सुरू झालेल्या समाजसेवेच्या चळवळीचे नावही 'सेटलमेंट' हेच होते. तेथे सुशिक्षित तरुण स्वेच्छेने गरिबांमध्ये राहावयास जात. येथे गरिबांना इच्छेविरुद्ध ठेवले जाई.

निष्कर्ष :
मराठीने या एका शब्दासाठी वसाहत, जमाबंदी, तडजोड असे स्वतंत्र पर्याय स्वीकारले. कुंपणाआडच्या वस्तीस मात्र पर्याय न देता मूळ शब्दच ठेवला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तरी सोलापुरातील एका वस्तीच्या नावात 'सेटलमेंट' हा शब्द टिकून आहे. 'तडजोड' या अर्थात दोन्ही पक्षांची संमती गृहीत असते. शब्दाच्या वासाहतिक इतिहासात नेमकी हीच संमती अनेकदा अनुपस्थित होती. अभिलेखांतील हा शब्द वाचताना अभ्यासकाने त्याचा अर्थ गृहीत न धरता प्रत्येक वेळी संदर्भानुसार निश्चित करणे म्हणूनच आवश्यक ठरते.