अपवर्तक दुर्बीण : परवडणारी आणि महागडी

समोर वस्तुभिंग आणि मागे आयपीस असलेली, आरशाऐवजी भिंगाने प्रकाश गोळा करणारी दुर्बीण. हौशी निरीक्षक तिला ‘रिफ्रॅक्टर’ म्हणतात. या नोंदीत ६० ते १५० मिमी. व्यासाच्या आणि डोळा लावून आकाश पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दुर्बिणींचाच विचार केला आहे. छायाचित्रणाचे निकष वेगळे आहेत. दोन्हींची सरमिसळ होते आणि मग केवळ डोळ्याने पाहणारा निरीक्षक कॅमेऱ्याला लागणाऱ्या गुणांसाठी पैसे मोजतो.

एकाच व्यासाच्या दोन अपवर्तक दुर्बिणींच्या किमतींत दहापटीपर्यंत फरक असू शकतो, तरीही मूलभूत क्षमता दोन्हींची सारखीच असते. १०० मिमी. व्यासाचे कोणतेही भिंग ७ मिमी. उघडलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे २०० पट प्रकाश गोळा करते. जवळजवळ असलेले दोन तारे वेगळे दाखवण्याची त्याची मर्यादा डॉझच्या सूत्रानुसार १.१६ विकला येते. हे आकडे व्यासावरून ठरतात, किमतीवरून नाही. वरचा पैसा तीन ठिकाणी जातो : रंगांची शिस्त, भिंगाच्या पृष्ठभागाची अचूकता आणि नळी व फोकसर यांची यांत्रिक घडण.

रंगदोष. काच प्रत्येक रंगाला वेगवेगळ्या प्रमाणात वळवते, म्हणून साध्या भिंगातून निळा आणि तांबडा प्रकाश एका जागी एकवटत नाही. हान्स लिपरहे याने १६०८ मध्ये हेग येथे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली. या दोषातून सुटका मात्र सुमारे सव्वाशे वर्षे झाली नाही. त्या काळात एकच उपाय होता, तो म्हणजे नळी लांबवत नेणे. डान्झिगच्या हेवेलियसने सुमारे ४६ मीटर लांबीची दुर्बीण खांबाला दोरखंडांनी टांगून उभारली होती. १७३०च्या सुमारास इंग्लंडमधील चेस्टर मूर हॉल याने क्राउन आणि फ्लिंट या दोन प्रकारच्या काचा जोडून रंगदोष आटोक्यात आणला. जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज बाजारात स्वस्तात मिळणारी अवर्णक दुर्बीण, म्हणजेच ‘अ‍ॅक्रोमॅट’, तत्त्वाने त्याच रचनेची आहे.

अ‍ॅक्रोमॅट दोन रंगांना एका ठिकाणी आणतो, बाकीचे रंग थोडे मागे राहतात. नेहमीच्या काचांत ही चूक नाभीय अंतराच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी असते. १०० मिमी. व्यास आणि १,००० मिमी. नाभीय अंतराच्या (एफ/१०, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या दहापट) दुर्बिणीत ती अर्धा मिलिमीटर होते, पण चित्र तीक्ष्ण राहण्याची सूट दोन्ही बाजूंना जेमतेम ०.११ मिमी. असते. तोच व्यास एफ/५ ठेवला तर चूक पाव मिलिमीटरवर उतरते, पण सूट तिच्याहून झपाट्याने घटून ०.०३ मिमी.वर येते. म्हणजे एफ/१० ला चूक सुटीच्या साडेचारपट आणि एफ/५ ला नऊपट. आखूड, सुटसुटीत, प्रवासात नेता येईल अशी स्वस्त दुर्बीण गुरू-शुक्राभोवती जांभळी झालर का दाखवते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

यावरून दोन ठोकताळे रूढ झाले. सिजविकच्या नावाने ओळखला जाणारा निकष सांगतो, की व्यास इंचांत घेऊन त्याच्या तिपटीइतका एफ-अंक असला तर रंगदोष सुसह्य राहतो. कॉनरेडीचा निकष अधिक कडक आहे, तो पाचपट मागतो. ६० मिमी. भिंगाला हे अनुक्रमे एफ/७ आणि एफ/१२ येतात, १०० मिमी.ला एफ/१२ आणि एफ/२०. यातून एक उपयुक्त गोष्ट निघते. लहान व्यासाच्या लांब अ‍ॅक्रोमॅटला रंगदोषाचा त्रास फारसा होतच नाही. येना येथील कार्ल झाइसची टेलिमेंटर ही ६३ मिमी. व्यासाची, ८४० मिमी. नाभीय अंतराची दुर्बीण पूर्व जर्मनीच्या शाळांमध्ये वापरली जात असे. ती साधी दोन भिंगांची अ‍ॅक्रोमॅट आहे आणि जाणकार आजही तिच्या चित्राची वाखाणणी करतात. ६० मिमी.ची लांब नळी चांगल्या हाताने घडवलेली असेल तर तिच्याकडे स्वस्त म्हणून नाक मुरडू नये.

ईडी काच आणि फ्लोराइट. रंगांची फाटाफूट मुळातच कमी करणारे द्रव्य वापरणे हा दुसरा उपाय. काच रंग किती कमी पसरवते हे अ‍ॅबे अंकाने मोजतात, अंक मोठा तितकी पसरण कमी. साध्या क्राउन काचेचा अंक ६४च्या आसपास असतो, एफपीएल-५१ या ईडी, म्हणजे रंग कमी पसरवणाऱ्या, काचेचा सुमारे ८१, तर जपानच्या ओहारा कंपनीच्या एफपीएल-५३ काचेचा आणि कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकाचा ९५च्या आसपास. फ्लोराइटचा हा गुण एर्न्स्ट अ‍ॅबेने एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकासाठी वापरला होता, पण दोषरहित मोठे नैसर्गिक स्फटिक मिळणे दुरापास्त होते. कृत्रिम स्फटिक वाढवण्याचे तंत्र साधल्यावर १९७०च्या दशकात जपानच्या ताकाहाशी कंपनीने फ्लोराइटच्या दुर्बिणी हौशी निरीक्षकांसाठी आणल्या. अमेरिकेत रोलंड ख्रिस्टेन यांच्या अ‍ॅस्ट्रो-फिजिक्सने तीन भिंगांची वस्तुभिंगे घडवली, तर अल नॅगलर यांच्या टेलीव्ह्यूने आखूड आणि रुंद क्षेत्राच्या दुर्बिणी. ख्रिस्टेन यांच्या दुर्बिणीसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबलेले आहेत.

२००४च्या सुमारास ८० मिमी.ची, एफ/७.५ ची चिनी बनावटीची ईडी दुर्बीण स्काय-वॉचर आणि ओरायन या नावांनी बाजारात आली आणि चित्र पालटले. एफपीएल-५३ काच तोवर फक्त महागड्या नळ्यांत असायची, ती पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. हौशी खगोलनिरीक्षणाच्या अलीकडच्या इतिहासात इतका लोकाभिमुख बदल क्वचितच झाला असेल.

‘अपोक्रोमॅट’ किंवा ‘अपो’ (रंगदोष अ‍ॅक्रोमॅटहून बराच कमी असलेली दुर्बीण) हा शिक्का लावण्यासाठी बंधनकारक मानक नाही. एफपीएल-५१ ची आखूड जोडी आणि एफपीएल-५३ ची तीन भिंगांची रचना या दोन्हींवर तो सर्रास लागतो. खरेदीत शिक्क्याऐवजी काचेचे नाव, व्यास आणि एफ-अंक पाहावा.

डोळा काय पाहतो. उजेडात माणसाच्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक असते. ४३० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाला ती त्याच्या एक टक्क्याच्या आसपास उरते. महागड्या अपोक्रोमॅटचे मोठे श्रेय या टोकाच्या जांभळ्यापर्यंत रंग जुळवण्यात आहे. कॅमेऱ्याचा संवेदक तो जांभळा प्रकाश टिपतो, म्हणून छायाचित्रकाराचा पैसा सत्कारणी लागतो. आयपीसला डोळा लावणाऱ्यापर्यंत त्या कौशल्याचा फार थोडा भाग पोचतो.

म्हणून दृश्य निरीक्षणात पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. १०० मिमी. व्यासाची तीन उदाहरणे घेता येतील : १,००० मिमी. नाभीय अंतराची अ‍ॅक्रोमॅट, स्काय-वॉचरची ९०० मिमी.ची १००ईडी आणि ताकाहाशीची ७४० मिमी.ची एफसी-१००डीसी. पहिलीतून अभिजितभोवती निळी-जांभळी धूसर आभा दिसते, चंद्राच्या कडेला रंगाची रेघ उमटते, गुरूच्या पट्ट्यांतले बारकावे किंचित फिके पडतात. पिवळसर फिल्टर लावला की झालर कमी होते, पण ग्रहाचा रंग बदलतो. दुसरीत हे सारे जवळजवळ नाहीसे होते. हा फरक नवख्यालाही जाणवतो. दुसरीवरून तिसरीवर जाताना किंमत साधारण तिप्पट होते आणि आयपीसमधला फरक शोधावा लागतो. तिसरीच्या बाजूने निर्विवाद सांगता येते ते हे, की एफ/७.४ इतकी आखूड असूनही ती रंग एफ/९ च्या तोडीने सांभाळते आणि हलकी, आटोपशीर राहते. छोट्या स्टँडवर गच्चीत नेणाऱ्याला याचे मोल आहे.

तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्या बाबतीत रंगदोष जवळपास गैरलागू आहे, कारण त्यांचा मंद प्रकाश डोळ्याला रंगच दाखवत नाही. कृत्तिका किंवा मृगातला तेजोमेघ पाहण्यासाठी स्वस्त, आखूड अ‍ॅक्रोमॅट उत्तम चालते. अंधाऱ्या आकाशाचा फायदा इथे कोणत्याही काचेहून मोठा असतो.

पृष्ठभागाची अचूकता. रेलीच्या निकषानुसार भिंगातून निघालेल्या तरंगात पाव तरंगलांबीपेक्षा अधिक चूक नसावी. त्याच्याशी मिळताजुळता दुसरा मापदंड स्ट्रेल गुणोत्तर : निर्दोष भिंगाला १, आणि ०.८ ही चांगल्याची खालची सीमा. नामांकित निर्माते ०.९५ च्या वर राहण्याचा प्रयत्न करतात. कारखान्यात मोठ्या संख्येने बनणाऱ्या ईडी दुर्बिणींतही असे नग सापडतात, पण नगानगात फरक पडतो. महागड्या नावाची खरी किंमत इथे आहे. ती अधिक चांगल्या चित्रापेक्षा चांगल्या चित्राच्या खात्रीची आहे. परवडणारी दुर्बीण घेणाऱ्याने ही खात्री स्वतः करून घ्यावी लागते. तेजस्वी तारा फोकसच्या आत आणि बाहेर नेऊन दिसणारी वर्तुळे ताडून पाहायची. दोन्हीकडची वर्तुळे सारखी आणि गोल असली की भिंग ठीक. एच. आर. सूटर यांचे १९९४चे पुस्तक याच चाचणीवर आहे.

हवेची मर्यादाही लक्षात घ्यावी. पुष्कळ रात्री वातावरण ताऱ्याची प्रतिमा दोन विकलांच्या आसपास पसरवते. अशा रात्री ०.९० आणि ०.९७ स्ट्रेलमधला फरक हवेतच विरून जातो. स्वरमंडळातला एप्सिलॉन हा दुहेरी-दुहेरी तारा चांगली कसोटी आहे : त्याच्या प्रत्येक जोडीतले अंतर सव्वादोन ते अडीच विकलांच्या घरात आहे. ८० मिमी.च्या नीट घडवलेल्या कोणत्याही दुर्बिणीने, शांत हवेत शंभराहून अधिक वर्धनाला, चारही तारे सुटे दिसायला हवेत. वसिष्ठाची जोडी १४ विकलांची, ती कोणालाही जमते.

यांत्रिक घडण. स्वस्त दुर्बीण बहुतेक वेळा इथे मार खाते. डुगडुगणारा फोकसर, प्लास्टिकचे भाग, प्रतिमा सुलटी करणारे हलके ४५ अंशी प्रिझम आणि काडीसारखे पाय असलेला ट्रायपॉड यांमुळे चांगले भिंगही वाया जाते. काही ६० मिमी.च्या नळ्यांत रंगदोष लपवण्यासाठी आत अरुंद कडे बसवलेले असते, मग प्रत्यक्ष वापरात येणारा व्यास त्याहून बराच कमी भरतो. खोक्यावर छापलेले ‘५२५ पट’सारखे दावे निरर्थक आहेत, मिलिमीटरमधील व्यासाच्या दुप्पट हीच उपयुक्त वर्धनाची वरची मर्यादा. महागड्या दुर्बिणीचा फोकसर लोण्यासारखा फिरतो आणि जड आयपीस लावले तरी सरकत नाही. पण ही उणीव सुधारता येण्याजोगी आहे. दोन वेगांचा क्रेफर्ड फोकसर, ९० अंशी चांगला डायगोनल, एखादे प्लोसल आयपीस आणि मजबूत स्टँड एवढ्यावर मध्यम नळीचा कायापालट होतो. ठरावीक पैशांत नळी आणि स्टँड यांतून निवड करायची असेल तर आधी स्टँड घ्यावा. थरथरणाऱ्या फ्लोराइटपेक्षा स्थिर अ‍ॅक्रोमॅट गुरूबद्दल जास्त सांगते.

जुन्या स्वस्त संचांत आयपीसवर बसवायचा काळा सूर्य-फिल्टर येत असे. तो एकवटलेल्या उष्णतेने तडकतो आणि डोळा कायमचा जातो. असा फिल्टर सापडल्यास फोडून टाकावा. सूर्यासाठी फिल्टर नेहमी भिंगाच्या पुढे, नळीच्या तोंडावर असतो.

अल्पखर्चाची परंपरा. हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह शोधला तो सुमारे ५७ मिमी.च्या भिंगाने. टी. डब्ल्यू. वेब यांचा १८५९ साली निघालेला, सामान्य दुर्बिणींसाठीचा प्रसिद्ध मार्गदर्शक ग्रंथ ९४ मिमी.च्या अपवर्तकावरच्या निरीक्षणांवर उभा होता. २००९च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात गॅलिलिओस्कोप हा ५० मिमी. व्यासाचा, एफ/१० चा, स्वतः जोडायचा संच जगभर पोचला. नळी प्लास्टिकची, पण वस्तुभिंग खऱ्या काचेचे आणि अवर्णक. शनीची कडी दाखवणारी दुर्बीण इतक्या स्वस्तात देता येते हे त्याने सिद्ध केले.

तटस्थपणे सांगायचे तर, ग्रह आणि तेजोमेघ एवढेच उद्दिष्ट असेल तर १०० मिमी.च्या ईडी अपवर्तकापेक्षा कमी पैशांत १५० मिमी.ची न्यूटोनियन परावर्ती दुर्बीण अधिक दाखवते. अपवर्तकाची बाजू वेगळी आहे : जुळवणी बिघडत नाही, नळी लवकर थंड होते, मधे दुय्यम आरशाचा अडथळा नसल्याने ताऱ्यांचे ठिपके टोकदार दिसतात आणि पाच मिनिटांत पाहायला सुरुवात करता येते. जिला रोज बाहेर काढायचा कंटाळा येत नाही अशी दुर्बीण वर्षभरात अधिक आकाश दाखवते.

महाराष्ट्रात दोन गोष्टींची भर घालावी लागते. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांच्या आकाशदर्शनांत वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून पाहता येते. खरेदीपूर्वी ही संधी घ्यावी. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत बंद पेटीतल्या भिंगावर बुरशी धरते. तिचे धागे लेपनात शिरले की पुसल्यानेही डाग राहतो, आणि यात ती अ‍ॅक्रोमॅट व फ्लोराइट असा भेद करत नाही. नळी कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, पुड्या ओलसर झाल्या की गरम करून सुकवाव्यात, आणि उघडीप मिळेल तेव्हा भिंग काही वेळ मोकळ्या हवेत ठेवावे. फ्लोराइट काचेपेक्षा मऊ असल्याने ते पुसताना हात आणखी हलका लागतो. धूळ आधी फुंकणीने उडवावी, आणि थोडी धूळ राहिली तर तशीच राहू द्यावी. तिने चित्रात फरक पडत नाही.